बेरोजगारी 3.2 टक्के म्हणे, मग आम्ही कशात मोडतो?

परत तेच सुरू झालंय टीव्हीवर. 2017-18 ला बेरोजगारी 6.1 टक्के होती, 2023-24 ला 3.2 वर आली, बघा कशी कमी झाली. अँकर एवढा खूश की जणू त्याच्याच घरात तिघांना ऑफर लेटर आलंय. अरे पण सरकारी सर्व्हेत हे मोजतात कसं ते सांगा ना एकदा लोकांना. हा जो 3.2 वाला आकडा आहे त्यात वर्षभरात 30 दिवस काही ना काही काम केलेलं असलं तरी तुम्ही रोजगारवाले. आठवड्याच्या हिशोबाचा जो दुसरा आकडा असतो त्यात तर मागच्या 7 दिवसांत एक तास काम केलं तरी झालं. एक तास! आणि भावाच्या दुकानात फुकट गल्ल्यावर बसलात तरी तेच, पगार मिळतो का नाही ते कोणी विचारत नाही, घरच्या धंद्यात मदत म्हणून नोंद, विषय संपला. आणि जो कंटाळून अर्ज करायचा बंद झाला आणि आता काम नकोच म्हणाला तो तर बेरोजगार पण नाही, तो सरळ हिशोबाच्या बाहेरच.

हो माहितीये, एक तासाचा नियम जगभर आहे, कोणाचंही सरकार असू दे आकडा असाच निघतो. पण बाहेर बऱ्याच देशांत नोकरी गेल्यावर हातात भत्ता तरी पडतो. आपल्याकडे काय, तर ईएसआयची, म्हणजे कामगार विम्याची एक योजना आहे, 90 दिवस अर्धा पगार, तो पण आयुष्यात एकदाच, आणि ईएसआय कोणाला तर 21 हजारांच्या आत पगार असलेल्यांना. म्हणजे त्याच्यावर कमावणारा माणूस बहुतेक आपोआप श्रीमंत, त्याला कशाला काय द्यायचं.

मी 51 चा. भोसरीत ऑटो पार्ट्सच्या कंपनीत क्वालिटीला होतो, सगळं आयुष्य व्हर्निअर, मायक्रोमीटर आणि कस्टमर ऑडिट यात गेलं. लाईन दुसरीकडे हलवली, मग एचआरने केबिनमध्ये बोलावलं, माझ्या मुलीपेक्षा चार वर्षांनी मोठा असेल पोरगा, एसी फुल, समोर पेपर टाईप करून तयार. "सर तुम्हीच रिझाईन द्या ना, म्हणजे रिलीव्हिंग लेटर क्लीन मिळेल." क्लीन! खाली फक्त माझी सही बाकी होती, कारणाच्या जागी 'पर्सनल रीझन' त्यांनीच टाईप केलेलं. कामगाराला कपातीत काढलं तर वर्षामागे 15 दिवसांचा पगार द्यावा लागतो, पण तुम्ही स्वतः राजीनामा दिला की कपातच झाली नाही ना, कसली भरपाई. आणि वरून मी पडलो सुपरवायझर. प्रमोशनचे पेढे वाटले होते सगळ्या शॉपफ्लोरवर, तेव्हा कोणी सांगितलं नाही की सुपरवायझर झालास आणि पगार जरा बरा असला की कायद्यात तू कामगारच राहत नाहीस.

आता इंटरव्ह्यू. वय डायरेक्ट विचारत नाहीत हल्ली, हुशार झालेत. "सर दहावी कोणत्या साली?" मी म्हणतो 1990, की पलीकडे दोन सेकंद शांतता, मग "ओके सर, प्रोफाईल शेअर करतो, कळवतो." कोण कळवतंय. चाकणला एका ठिकाणी फायनल राऊंडपर्यंत गेलो तर तिथला मॅनेजर म्हणतो आमची टीम यंग आहे, तुम्हाला ॲडजस्ट व्हायला जड जाईल. मला जड जाईल? अरे रात्री दोनला रिजेक्शनचे लॉट सॉर्ट करत उभा राहिलोय मी, यांना माझ्या गुडघ्यांची काळजी. आणि वयावरून नाही म्हणू नये असा कायदा खाजगी नोकऱ्यांसाठी आपल्याकडे नाहीच, त्यामुळे जाहिरातीतच बिनधास्त छापतात, वय 25 ते 35. सरकारी म्हणाल तर राज्यात खुल्या गटाला 38, आरक्षणात 43, संपलं.

योजना पण बघा. 2024 ला ती युवा कार्य प्रशिक्षण आणली, ज्याला सगळे लाडका भाऊ म्हणायला लागले, 12वी पास ला 6 हजार, आयटीआय डिप्लोमा 8, डिग्रीवाल्याला 10. वय 18 ते 35. पोरांना मिळू दे, तरुणांमध्ये बेरोजगारी 2023-24 ला 10 टक्क्यांच्या वर होती, त्यांचे हाल आम्ही घरातच बघतोय. पण 36 वा लागला की भाऊ एकदम दोडका? ज्या बापाची नोकरी गेली त्याच्याच पोराची इंजिनिअरिंगची फी असते, होम लोनची नऊ वर्षं बाकी असतात, आणि कंपनीचा मेडिक्लेम गेला की स्वतःचा घ्यायला जा, पन्नाशीनंतर शुगर आहे म्हटलं की प्रीमियमचा आकडा बघूनच बीपी पण होतं.

पेन्शन? ईपीएसची, म्हणजे पीएफसोबतची पेन्शन 58 ला. आधी हवी असेल तर 50 नंतर मिळते, पण जितकी वर्षं आधी तितके प्रत्येक वर्षाला 4 टक्के कट. आणि मुळात गणितच 15 हजार पगाराच्या लिमिटवर, त्याच्या आधी तर 6500 होतं, तर हातात येणार काय, महिन्याचा किराणा पण निघणार नाही. किमान पेन्शन 2014 पासून हजार रुपये आहे. हजार! साडेसात हजार करा म्हणून म्हातारी माणसं वर्षानुवर्षं आंदोलनं करतायत, उपोषणाला बसतायत, कोण विचारतंय.

आणि या सगळ्यावर सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज, "काका तुम्ही घरीच असता ना आता, उद्या लिफ्टवाला येणारे, जरा उभे राहाल का?" गेलो. उभा राहिलो दोन तास. सर्व्हेवाला आला असता तर बहुतेक हे पण धरलं असतं कामात.

सगळ्यात डोकं फिरतं ते सल्ल्यांनी. मेहुणा, शेजारी, बायकोची मैत्रीण, सगळ्यांचं एकच, तुमच्याकडे एवढा अनुभव आहे, कन्सल्टन्सी का नाही सुरू करत? केली की चौकशी. आमच्यातल्या एकाला आमच्याच कंपनीने ऑडिटच्या आधी आठ दिवस बोलावलं, त्याच खुर्चीत बसून तेच काम, रोजचे पैसे, पीएफ नाही मेडिक्लेम नाही, गेटवर व्हिजिटरचा पास. पैसे अजून आलेले नाहीत, विचारलं की म्हणतात इन्व्हॉइस परत पाठवा, जीएसटी नंबर टाका. त्याच्याकडे जीएसटी नंबर नाही, कुठून असणार, जन्मभर नोकरी केलीये त्याने.