‘पेवावर बसून’ लिहिणाऱ्याचं उत्तर

‘कऱ्हाडचा पाहुणा’ या नावानं मागच्या लेखाखाली एक लांबलचक प्रतिक्रिया आली आहे. लेखात मी एवढंच म्हटलं होतं, की परदेशात राहणाऱ्या आपल्या माणसाला क्ले (हवेत उडवलेल्या चकत्या फोडण्याचा खेळ) आणि शिकार या दोन्हींसाठी मिळून एकच बंदूक घ्यायची असेल, तर त्यानं गॅसवर चालणारी बारा बोरची सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे बार काढल्यावर पुढचं काडतूस आपोआप भरणारी, घ्यावी. त्यावर पाहुण्यांचं म्हणणं असं: क्लेला वर-खाली नळ्यांची दुनळीच लागते. शिकारीला इनर्शियावाली (बंदुकीच्या धक्क्यावरच पुढचं काडतूस भरणारी) हलकी बंदूक बरी. आपल्याकडे शिकारीला बंदी, मग मराठीत हे लिहायचंच कशाला? ऑलिंपिक ट्रॅप या क्लेच्या स्पर्धेतल्या काडतुसाचं वजनही मी चुकीचं दिलंय. आणि जाता जाता, “सेमी-ऑटो ही नेम नसलेल्यांची बंदूक. सांगलीत हळदीच्या पेवावर बसून असले सल्ले देऊ नयेत.”

चूक आधी मान्य करतो. ऑलिंपिक ट्रॅपला छर्ऱ्यांचं वजन २४ ग्रॅमच्या वर चालत नाही, मी २८ लिहिलं होतं. अमेरिकेत होतो तेव्हा तिथल्या क्लबात आम्ही एक औंसाची, म्हणजे साधारण २८ ग्रॅमची, काडतुसं वापरायचो, ते डोक्यात बसलेलं. लेखात दुरुस्ती केली आहे. आभार.

आता पेव. साहेब, पेवावर कुणी बसत नाही. पेव हे हळद साठवायचं कोठार जमिनीखाली असतं, तोंड लिंपून बंद केलेलं, आणि उघडलं तरी आतली हवा पालटेपर्यंत शहाणा माणूस आत पाय टाकत नाही. हे मला ठाऊक आहे, कारण हरिपूरला आमच्या आजोबांची दोन पेवं होती. २००५ च्या पुरात ती गेली. त्याच आजोबांकडे परवान्याची बारा बोरची दुनळी होती. निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची आणि निकालानंतर पावती दाखवून परत आणायची. दोन्ही वेळा मी त्यांच्याबरोबर असायचो. घरी आणल्यावर ते नळ्या उजेडाकडे धरून आतून बघायचे, ठाण्यातल्या दमट खोलीत गंज धरला का म्हणून. तेव्हा दुनळीचं प्रेम मला शिकवू नका. आणि कृष्णा कऱ्हाडहून सांगलीकडे वाहते हे खरं, म्हणून ज्ञानही त्याच दिशेनं वाहतं असं समजायचं कारण नाही.

मुद्दा नेमाचा. हे वाक्य मी नऊ वर्षं इंग्रजीत ऐकलं, आता मराठीत ऐकतोय. मिनेसोटात नोकरीला होतो तेव्हा दर बुधवारी संध्याकाळी ट्रॅपला जायचो. सोळा यार्डांवर पाच जागा, प्रत्येक जागेवरून पाच, असे पंचवीस क्ले. तिथल्या साध्या ट्रॅपमध्ये एका क्लेला एकच बार. चुकला तर चुकला. नेम नसलेल्याला तिथे सेमी-ऑटो काय उपयोगाची, सांगाल? काडतूस एकच भरलेलं असतं. ऑलिंपिक ट्रॅपला दोन बार मिळतात, पण तिथेही सेमी-ऑटो चालते आणि मॅगझिनमध्ये (पुढची काडतुसं ठेवायच्या नळीत) एकाहून जास्त काडतूस जाणार नाही अशी ती अडवून ठेवावी लागते. अमेरिकेत बदकांच्या शिकारीला बंदुकीत एकूण तीनच काडतुसं मावतील अशी डाट बसवावी लागते, तो नियम १९३५ चा. भसाभस बार काढायची सोय कुठेच नाही, मग नेम नसलेल्यानं ही बंदूक घेऊन करायचं काय?

आणि ही कालची फॅशनही नव्हे. जॉन ब्राउनिंगची ऑटो-५ ही सेमी-ऑटो विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बाजारात आली आणि १९९८ पर्यंत बनत राहिली. इतकी वर्षं ती घेणारे सगळे काय नेम नसलेले होते?

सेमी-ऑटो घ्यायची ती खांद्यासाठी. गॅसच्या बंदुकीत नळीला एक बारीक भोक असतं. त्यातून थोडा वायू दट्ट्यावर येतो, दट्ट्या बोल्ट, म्हणजे काडतुसामागचा अडसर, मागे ढकलतो, आणि तो धक्का एकदम न बसता पसरून बसतो. एका संध्याकाळी शंभर बार काढून बघा, मग बोला. माझा खांदा तेव्हाच बोलायला लागला होता. पहिल्या वर्षी उसन्या दुनळीवर खेळलो तेव्हा गुरुवारी सकाळी शर्ट घालताना हात वर जायचा नाही. बंदूक बदलली तशी तक्रार गेली. बदल्यात दट्ट्यावरची काजळी खरवडावी लागते. मी ते स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून करायचो, आणि चपात्यांना तेलाचा वास येतो म्हणून बोलणी खायचो. रिकामं काडतूस उजवीकडे उडून शेजारच्याच्या कानाला लागतं, तेही खरं. त्याला अडकवायची क्लिप मिळते.

इनर्शियावालीत वायूचं काम नाही. बार उडाला की बंदूक मागे येते, बोल्ट जडत्वानं जागीच राहायला बघतो, मधली स्प्रिंग दाबली जाते आणि मग ती बोल्ट मागे फेकते. हलकी, स्वच्छ, सगळं कबूल. पण साउथ डकोटात मक्याच्या धसकटातून फेजंट या पक्ष्यामागे चालताना माझ्या सोबत्याच्या अशा बंदुकीनं काय केलं ते मी पाहिलंय. गाडीतून उतरताना बोल्टला ठोका बसून तो जरासा मागे सरकला, पूर्ण लागलाच नाही. कोंबडा पायाखालून फडफडत उठला, यानं चाप ओढला आणि नुसतं ‘टिक्’. कोंबडा कुंपणापलीकडे. कंपनीचं नाव घेत नाही. त्यात नवी इनर्शियावाली पुष्कळदा हलक्या काडतुसावर चालायलाच कुरकुर करते, आणि क्लेला काडतुसं हलकीच लागतात. दोन्ही कामांना एक बंदूक, हा माझ्या लेखाचा विषय होता. शीर्षकातच होता.

दुनळीला दोन नळ्यांत दोन वेगवेगळे चोक (छर्ऱ्यांचा फैलाव ठरवणारे नळीच्या तोंडाचे आवळे) घालता येतात, बिजागरीवर उघडून हातावर घेतली की ती रिकामी आहे हे दहा पावलांवरून दिसतं, वगैरे तुम्ही लिहिलंय. ठीक आहे, माहीत आहे.

बंदीबद्दल: १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा मलाही माहीत आहे. लेखाच्या पहिल्याच ओळीत ‘परदेशात’ हा शब्द आहे, तो वाचून मग प्रतिक्रिया लिहिली असती तर दोघांचाही वेळ वाचला असता. शिराळ्याकडे रानडुकरं भुईमूग उकरतात म्हणून मला फोन करणारेही आहेत. त्यांना मी वनखात्याकडे जायला सांगतो, बंदुकीच्या दुकानात नाही.

तुमची प्रतिक्रिया काढलेली नाही, काढणारही नाही. खाली आहे तशीच आहे, शुद्धलेखनासकट.