दूध तोडलेली पिल्ले, घरचे सोयाबीन आणि पंगतीतले उष्टे : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

मागच्या लेखावर आपण स्पष्ट आणि थोडी कडक प्रतिक्रिया लिहिलीत. आपले म्हणणे असे की, डुकराची ५६ दिवसांची पिल्ले घ्या, त्यांना तयार खुराक द्या आणि हॉटेलातले उष्टे टाळा हा माझा सल्ला लातूर-धाराशिवकडच्या दोन-तीन एकरवाल्याला परवडणारा नाही. परदेशात चौथ्या आठवड्यात पिल्ले आईच्या दुधावरून तोडतात, मग आपण दोन महिने का थांबायचे. आणि घरात सोयाबीनची पोती असताना पेंड विकत का आणायची. खर्चाबद्दलचा आपला आक्षेप मला मान्य आहे. या धंद्यात सर्वांत मोठा खर्च खाद्याचा असतो आणि त्याचा हिशेब मी लेखात दिलाच नव्हता. बाकीच्या मुद्द्यांवर मात्र मी माझ्या मतावर कायम आहे.

दूध तोडण्याचे वय आधी पाहू. डुकरीण सुमारे ११४ दिवस गाभण राहते. त्यात दुधाचे ५६ दिवस आणि पुन्हा माजावर येण्याचा साधारण एक आठवडा मिळवला, तर १७७ दिवस होतात, म्हणजे वर्षाला दोन वेत आरामात बसतात. २८ दिवसांवर तोडले तर हिशेब १४९ दिवसांवर येतो आणि फायदा वर्षाला अर्ध्या वेतापेक्षाही कमी राहतो. तेवढ्यासाठी आपण काय पणाला लावतो? चार आठवड्यांच्या पिल्लाच्या जठरात पुरेसे आम्ल तयार होत नाही आणि मक्याचे पीठ पचवण्याची ताकदही अपुरी असते. न पचलेले खाद्य आतड्यात पुढे सरकते, त्यावर जंतू पोसतात आणि तोडल्यापासून आठ-दहा दिवसांत हगवण लागते. परदेशातल्या गोठ्यांत त्या वयाला दुधाच्या भुकटीचे खाद्य आणि ऊबदार खोली असते. आपल्याकडे पत्र्याचे शेड असते आणि डिसेंबरात पहाटे ते बर्फासारखे गार पडते.

सोयाबीनबद्दल आपला राग मी समजू शकतो, कारण बाजारात भाव पडलेला असताना घरचाच माल जनावराला घालावा असे कोणालाही वाटेल. पण कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांचे पचन अडवणारा घटक असतो, त्यामुळे पिल्लू खाते भरपूर आणि वाढत मात्र नाही. कारखान्यातून निघालेल्या पेंडीला उष्णता दिलेली असते, म्हणून ती चालते. घरचेच वापरायचे असेल तर कढईत आतपर्यंत नीट भाजून, भरडून, थोड्या प्रमाणात मक्याच्या भरड्यात मिसळावे. दाणा चावल्यावर कच्चट वास येत असेल तर तो अजून भाजलेला नाही असे समजावे. भाजलेल्या दाण्यातही तेल बरेच असते, त्यामुळे लहान पिल्लांना एकदम जास्त देऊ नये.

आता उष्ट्याकडे वळतो. २०२० मध्ये आसामात आफ्रिकन स्वाइन फीवर हा डुकरांचा रोग आला, तेव्हापासून डुकराचे मांस असलेल्या न उकळलेल्या खरकट्याची भीती सर्वांना माहीत आहे. तो माणसाला होत नाही, पण कळपात शिरला तर वाचवणारे औषध नाही. मराठवाड्यातल्या हॉटेलांत डुकराचे मांस फारसे शिजत नाही, हे आपण म्हणाल आणि ते खरे आहे. मला मात्र फटका बसला तो मिठाने. चार वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये लग्नातला उरलेला मसालेभात, भजी आणि लोणच्याचा खार मी नुकत्याच तोडलेल्या अकरा पिल्लांना दोन दिवस घातला. त्याच वेळी टँकर आला नाही आणि टाकी तळाला गेली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी एक पिल्लू भिंतीला डोके टेकवून ढकलत उभे होते, दुसरे कुत्र्यासारखे बसून नाक वर उडवत होते आणि थोड्याच वेळात आडवे होऊन पाय झाडू लागले. मला वाटले विषबाधा झाली. तेवढ्यात टँकर आला, मी पाणी मोकळे सोडले आणि सगळी पिल्ले पोटभर प्यायली. सकाळपर्यंत चार गेली. मिठाने आधीच बिघडलेल्या मेंदूवर एकदम मिळालेल्या पाण्याने सूज चढते, म्हणून अशा वेळी पाणी थोडे थोडे, पण वारंवार द्यायचे असते, हे डॉक्टरांनी मला नंतर सांगितले. चूक माझीच होती.

म्हणून माझा भर खाद्याइतकाच पाण्यावर आहे. आईचे दूध सुटलेल्या पिल्लाला निपल (तोंडाने दाबली की पाणी देणारी तोटी) म्हणजे काय हे ठाऊक नसते. पहिले दोन दिवस मी निपलमध्ये काडी खोचून थेंब गळता ठेवतो, म्हणजे ओल्या जागेकडे पिल्ले आपोआप तोंड नेतात. निपल पिल्लाच्या खांद्याच्या जरा वर असावा, आणि उन्हाळ्यात तो रोज हाताने दाबून पाहावा, कारण टँकरच्या गाळाने तो बुजतो.

उष्टे कधीच वापरू नये का, असे आपण विचारले होते. पिल्ले तीस किलोच्या पुढे गेल्यावर, ढवळत अर्धा तास नीट उकळलेले, खारट पदार्थ वेगळे काढलेले उष्टे मक्याच्या भरड्यात मिसळून मीही देतो, आणि त्या दिवशी टाकी भरलेली आहे की नाही हे आधी पाहतो. खाद्याच्या खर्चाचा तक्ता, माझ्या वहीतल्या मागच्या दोन तुकड्यांच्या आकड्यांसह, याच आठवड्यात मूळ लेखात जोडतो.