वचन पाठवलं, झालं?

सकाळपासून डोकं फिरलंय. आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, एका भगिनीचा नवरा गेला, त्याला आज नववा दिवस. ग्रुपवर कुणीतरी तिच्यासाठी फुलांच्या चित्रावर बायबलमधलं यिर्मया 29:11 टाकलंय: तुमच्याविषयी माझे संकल्प हिताचे आहेत, आशा देणारे आहेत. खाली आमेन, आमेन, जोडलेले हात, कबुतर. दुपारपर्यंत 43 आमेन.

अरे, ते वचन कुणाला लिहिलंय हे कधी वर-खाली वाचलंत का? घरदार सुटून बाबेलात (बॅबिलोनमध्ये) बंदिवान म्हणून नेलेल्या लोकांना यिर्मया संदेष्ट्याने धाडलेलं पत्र आहे ते. आदल्याच वचनात 70 वर्षं सांगितली आहेत. सत्तर! ऐकणारे बहुतेक तोवर हयातही नसणार. आणि त्याच्या वर काय? घरं बांधा, मळे लावा, त्यांची फळं खा. ते कुणी फुलांवर छापत नाही.

आई गेली तेव्हा आमचं घर माणसांनी भरलं होतं. प्रत्येकजण एकेक वचन देऊन गेला. खोटं कशाला बोलू, एकही आठवत नाही. आठवतो तो बल्ब. आईच्या आजारपणात जिन्यातला बल्ब गेला होता, आम्ही तीन महिने मोबाइलच्या उजेडात चढ-उतर करत होतो. मंडळीतले एक काका, मागच्या बाकावर बसणारे, सभेत आपल्या विश्वासाची साक्ष द्यायलाही कधी उभे न राहिलेले, दुसऱ्या दिवशी खिशात बल्ब घेऊन आले. स्टूल मागितलं. चढताना गुडघ्यावर हात टेकून जरा थांबले. बल्ब लावला, बटण दोनदा दाबून बघितलं, जुना बल्ब रुमालात गुंडाळला आणि गेले. प्रार्थनासुद्धा केली नाही. (इथे कुणी 'तुम्ही जगाचा प्रकाश आहात' लिहू नका. अंधारात कुणी पडू नये, एवढंच त्यांच्या मनात होतं.)

इफिसकरांस 2:8-9 संडे स्कूलपासून सगळ्यांना तोंडपाठ. कृपेनेच तारण, कर्मांनी नाही. पुढचं दहावं विचारा, लोक छताकडे बघतात. सत्कृत्यं करण्यासाठीच घडवलंय तुम्हाला, असं आहे तिथे. बायबलमधली ती गोरगरिबांना मदत करणारी दुर्कस मेली तेव्हा विधवा रडत रडत प्रेषित पेत्राला काय दाखवत होत्या? तिने शिवलेले कपडे. तिचं एक वाक्य शास्त्रात नाही. आणि मुलंबाळं, धनदौलत सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ गप्प बसले तोवर बरे होते; तोंड उघडलं आणि सगळं बिघडवलं.

बरं, मान्य. आयसीयूबाहेर एका रात्री स्तोत्र 23 ने, 'प्रभू माझा मेंढपाळ' नेच, मला धरून ठेवलं होतं. पण ते वाचणाऱ्या मावशी पहाटेपर्यंत शेजारी बसून होत्या, हेही लिहायला हवं.

त्या बल्बबद्दल मी काकांना कधी धन्यवाद म्हटलं नाही. पुढच्या रविवारी म्हणू, पुढच्या रविवारी म्हणू, असं करता करता तेही प्रभूकडे गेले. देवाने कुणाच्या हातून काय केलं हे आपल्याला फार उशिरा दिसतं. निदान मला तरी.

आणि हो, एवढी बडबड करतेय खरी, पण त्या 43 मधलं पहिलं आमेन माझंच होतं.

मघाशी तिला फोन केला. मृत्यूच्या दाखल्याच्या रांगेत होती. एकटीच. मी विचारलं, किती वेळ लागेल? म्हणाली, "माहीत नाही ताई, पुढे बरेच जण आहेत."

निघालेय.