शुगर निघालेल्या माणसावर पहारा ठेवा म्हणणाऱ्यांना

घरात कुणाला शुगर निघाली की दोन दिवसांत कुणीतरी तो मेसेज पाठवतंच. शब्द बदलतात, मुद्दे तेच असतात. हा आजार गोड खाऊन होतो आणि गोड तोडलं की जातो. माणसाचा जिभेवर ताबा नसतो, म्हणून घरच्यांनी प्रत्येक घासावर लक्ष ठेवावं, साखरेचा डबासुद्धा हलवावा. गोळ्या टाळाव्यात, त्या किडनी खातात. आणि इन्सुलिन सुरू झालं म्हणजे सगळं संपलं. माझ्या दादाला टाइप टू डायबिटीस निघाला तेव्हा तीन नातेवाइकांनी मला हा मेसेज पाठवला. त्यांची माया खरी होती, म्हणूनच उत्तर नीट द्यावंसं वाटतं.

आधी गोडाबद्दल. गोड पेयांचा मारा आणि त्यातून वाढलेलं वजन यांनी धोका वाढतो, हे खरंच आहे. पण टाइप टूमध्ये शरीर इन्सुलिनला, म्हणजे रक्तातली साखर पेशींत पोचवणाऱ्या संप्रेरकाला, नीट दाद देत नाही आणि ते पुरवता पुरवता स्वादुपिंड दमतं. त्यामागे आनुवंशिकता, लिव्हरमध्ये आणि पोटाभोवती साठलेली चरबी, वय, बैठं काम अशी बरीच कारणं असतात. ब्रिटनमधल्या यूकेपीडीएस या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष 1998 मध्ये आले. निदान होईपर्यंत इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींची ताकद जवळपास निम्मी झालेली असते, असा अंदाज त्यातून निघाला. म्हणजे ही गोष्ट कित्येक वर्षं आत चाललेली असते. गेल्या समारंभात खाल्लेल्या गोडावर ती ढकलण्यात अर्थ नाही.

‘जातो’ या शब्दाबद्दलही बोलायला हवं. 2017 मध्ये ‘डायरेक्ट’ नावाच्या ब्रिटिश अभ्यासात, निदानाला सहा वर्षांपेक्षा जास्त काळ न झालेल्या आणि इन्सुलिन न घेणाऱ्या लोकांना डॉक्टरी देखरेखीखाली काही महिने अगदी कमी कॅलरीचा आहार दिला. वर्षाअखेरीस त्यांच्यातल्या 46 टक्के लोकांची शुगर औषधाशिवाय मधुमेहाच्या पातळीखाली होती. दुसऱ्या वर्षाअखेर 36 टक्के उरले. काम केलं ते वजन उतरण्याने, नुसती साखर तोडून नव्हे. आणि डॉक्टर याला ‘बरा झाला’ म्हणत नाहीत. आजार मागे हटलेला असतो, तपासण्या चालूच राहतात. नव्याने निदान झालेल्यासाठी ही केवढी आशेची गोष्ट आहे! ती मेसेजमध्ये नाहीच.

आता पहारा. मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते याबद्दल, कारण पहिल्या महिन्यात आम्ही तोच ठेवला होता. जेवायला बसलं की सगळ्यांच्या नजरा दादाच्या ताटात. त्याने पुन्हा वाढून घेतलं की कुणीतरी खाकरायचं. तो घरात शिरला की ‘आज किती आली?’ आणि आकडा ऐकला की लगेच ‘मग खाल्लंस काय?’ तो मुकाट जेवायचा. एक दिवस धुवायला टाकलेल्या त्याच्या शर्टाच्या खिशात मला चॉकलेटचे तीन कागद सापडले, बारीक घड्या घालून दडवलेले. पन्नाशीचा माणूस चोरून खात होता. ग्लुकोमीटरची मेमरी उघडली तर आठ दिवसांत एकही नोंद नाही. मोजलं की चौकशी व्हायची, म्हणून त्याने मोजणंच सोडलं होतं.

नुसतं मन दुखावून हे थांबत नाही. चोरून खाल्लेलं डॉक्टरांना कळत नाही. वाढलेली शुगर बघून ते डोस वाढवतात आणि ज्या दिवशी माणूस खरंच कमी जेवतो त्या दिवशी शुगर घसरते. मेटफॉर्मिन ही शुगरची नेहमीची गोळी; एकट्या तिने असं क्वचितच होतं. पण ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर होऊ शकतं. घाम सुटतो, हात थरथरतात, बोलणं असंबद्ध होतं. आकडा 70 च्या खाली असेल तर त्या क्षणी साखरच लागते: तीनचार चहाचे चमचे पाण्यात ढवळून द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं, अजून कमी असेल तर परत द्यायची. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता तातडीची वैद्यकीय मदत बोलवायची. साखरेचा डबा हलवा म्हणणाऱ्याने हा प्रसंग डोळ्यांसमोर आणलेला नाही.

शेवटी वहिनीने दादालाच विचारलं, ‘आमच्याकडून तुम्हाला काय हवंय?’ तो म्हणाला, ताटावर आकड्याचा विषय नको. माझ्यासाठी वेगळं शिजवू नका, सगळ्यांचंच जेवण बदला. आणि रात्री जेवून कुणीतरी माझ्याबरोबर चालायला या. चालताना स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, म्हणून जेवणानंतरच्या चालण्याला इतकं महत्त्व. तेव्हापासून आम्ही पाळीपाळीने जातो. मोजणं त्याने आपणहून पुन्हा सुरू केलं.

गोळ्यांबद्दलची भीती कुठून आली असावी, ते मला समजतं. मेटफॉर्मिन शरीराबाहेर पडतं किडनीतून. त्यामुळे किडनी आधीच अधू असेल तर डॉक्टर डोस कमी करतात किंवा गोळी थांबवतात. लोक ते उलटं वाचतात. किडनी खराब करते ती वर्षानुवर्षं चढलेली शुगर, आणि सोबतीला रक्तदाब. मेटफॉर्मिनचे खरे त्रास वेगळे आहेत: सुरुवातीला पोट बिघडतं, बरीच वर्षं घेतल्यास काहींचं बी-12 जीवनसत्त्व कमी होतं. दोन्हींवर उपाय आहेत. गोळी जेवणाबरोबर घ्यावी, तरी सोसत नसेल तर डॉक्टरांना सांगून सावकाश विरघळणारी मागावी. मनाने बंद करू नये.

इन्सुलिनचं थोडक्यात सांगते. शरीरात कमी पडणारी गोष्ट बाहेरून दिली जाते, एवढंच. काहींना ते सुरुवातीला काही दिवसच देतात आणि नंतर थांबवतात.

मेसेजने एक गोष्ट मात्र साफ गाळलीय. टाइप टूमध्ये निदान होताच डोळ्यांचा पडदा, तळपायांची संवेदना आणि लघवीतलं प्रोटीन तपासून घ्यायचं असतं, काही त्रास नसला तरी. कारण आजार आधीपासूनच मुरलेला असू शकतो. डोळ्याच्या तपासणीत बाहुली मोठी करणारे थेंब घालतात. पुढचे काही तास सगळं धूसर दिसतं, गाडी चालवता येत नाही. दादा म्हणत होता, मी एकटा जाऊन येईन. वहिनीने त्या दिवशी रजा टाकली आणि गाडीची किल्ली स्वतःच्या पर्समध्ये ठेवली.