उरलंसुरलं पुण्य

लग्नसराई ऐन भरात आहे, उकाडाही. तेव्हा अन्नदान कसं करावं याबद्दल चार शब्द सांगून ठेवतो. आमचा पुण्यात एक छोटा गट आहे. कार्यालयांत उरलेलं जेवण उचलायचं आणि वस्त्यांवर, बांधकाम मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांपर्यंत पोचवायचं, एवढंच आमचं काम. त्यामुळे दानशूर मंडळी अगदी जवळून बघायला मिळतात. गेल्या रविवारी त्यांतला शिरोमणीच भेटला, म्हणून हे लिहिणं.

सर्वात महत्त्वाचं, फोन रात्री साडेबारानंतरच करावा. दुपारी पंगती उठल्या, दोनेकशे पानांचं उरलंय हे दिसलं, तरी घाई करू नये. आधी नवरीची पाठवणी, मग आहेराची पाकिटं, मग डिपॉझिटवरून मॅनेजरशी भांडण. हे सगळं उरकलं की मग अन्न हे पूर्णब्रह्म असल्याचं आठवावं. आवाजात कळवळा हवा. "अहो, अन्न वाया गेलेलं बघवत नाही हो." आणि त्याच श्वासात, "अर्ध्या तासात या, हॉल रिकामा करायचाय."

भांडी शक्यतो देऊ नयेत. दिलीच तर एकच मोठं पातेलं द्यावं आणि त्यात सगळं ओतून ठेवावं. मसालेभातावर मठ्ठा, मठ्ठ्यावर पनीर, वर दोन-चार टिश्यू पेपर. गरिबाला वेगवेगळ्या चवी कळतात, हा गैरसमज आहे.

वाढदिवसाला सरकारी रुग्णालयात केळी वाटा. एका केळ्याला किमान चार हात लागलेले फोटोत दिसले पाहिजेत.

सर्वपित्री अमावास्येला आश्रमातल्या मुलांना जेवण द्यायचं असेल तर आपल्याआधी किती जण देऊन गेले ते विचारू नये. एकाच दिवशी तीनदा श्रीखंड खाल्लं की मुलं पुढचा आठवडाभर तृप्त राहतात.

चौकात गरजूंसाठी फ्रिज ठेवायचा असेल तर आधी पाटी करून घ्यावी, फ्रिज नंतर. पाटीवर सौजन्य कोणाचं ते ठळक हवं. आतमध्ये जे आपल्या घरात कोणी, अगदी कुत्राही, खाणार नाही ते ठेवावं. विजेचं बिल कोणी भरायचं, हा विषय उद्घाटनाच्या दिवशी काढणं अशुभ.

शिवभोजन केंद्राजवळून जाताना मात्र थांबा आणि नीट निरीक्षण करा. २६ जानेवारी २०२० ला ही थाळी सुरू झाली. दहा रुपयांत ३० ग्रॅमच्या दोन चपात्या, वाटीभर भाजी, वाटीभर वरण आणि भाताची एक मूद. रांगेत एखादा स्कूटरवरून आलेला दिसला तर लगेच फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाका: "बघा, हे आपल्या टॅक्समधून जेवतात." तो डिलिव्हरीवाला असेल आणि मघाशी तुमचाच पिझ्झा देऊन आला असेल, ते सोडून द्या. शहरात त्या थाळीमागे सरकार ४० रुपये देणं लागतं आणि केंद्रं चालवणाऱ्या बायकांची ती बिलं महिनोन्महिने अडकतात, यावर ग्रुपवर चकार शब्द काढू नये. तिथे राजकारणाला बंदी असते.

रेशनचं काय सांगायचं? "फुकटच्या पाच किलोंनी लोक आळशी झालेत" हे वाक्य पाठ करून ठेवा. कामवाल्या ताईंनी केवायसीसाठी अर्धा दिवस सुट्टी मागितली की उपयोगी पडतं. त्यांचा अंगठा मशीनवर उमटत नाही. तुमचीच भांडी घासून झिजलाय.

आता रविवारचे यजमान. आम्ही पोचलो तेव्हा एक वाजून गेला होता. भात कधीचा, म्हणून विचारलं. उगाच नव्हे. उरलेल्या अन्नाच्या वाटपासाठी एफएसएसएआयचे, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे, २०१९ चे नियम आहेत, अन्न कुठून आलं, कधी शिजलं याची नोंद ठेवावी लागते. साहेब म्हणाले, "फुकट देतोय आणि वर चौकशी?" मग म्हणाले, "सकाळचाच आहे." मग, "वाटतानाचे फोटो पाठवा हं, चेहरे दिसतील असे." आमच्यातल्या मुलीने झाकण उघडलं, वास घेतला आणि त्यांच्याकडे बघितलं. त्यावर त्यांनी हसून सांगितलं, "थोडं आंबलंय, पण त्यांना चालतं."

कोणाला चालतं? दिवसभर चाळीस अंशांत पातेल्यात बसलेला भात कोणालाच चालत नाही. त्यात जो जिवाणू वाढतो त्याचं विष पुन्हा उकळूनही जात नाही. तुम्हाला जुलाब झाले तर तुम्ही सिक लीव्ह टाकता. पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्या बाईला झाले तर तिचा रोज बुडतो, पोराला झाले तर सलाईनला आधीच्या आठवड्याची मजुरी जाते, आणि पन्नास खोल्यांना मिळून तिथे दोन संडास असतात. हे तुमचं अन्नदान!

खरं कारण मला ठाऊक आहे. एवढं अन्न स्वतःच्या हाताने कचऱ्यात टाकायची तुम्हाला लाज वाटते, म्हणून आम्हाला बोलावता. रविवारी ते सगळं आम्हीच ओल्या कचऱ्यात टाकलं, रात्री दोनला. पेट्रोल आमचं, हात आमचे आणि "अन्न वाया जाऊ दिलं नाही" हा स्टेटस तुमचा.

द्यायचंच असेल तर दुपारी फोन करा, पंगत चालू असताना. आचाऱ्याला सांगून गरम अन्न वेगळं काढून झाकून ठेवा, भाताला भाताचं भांडं, भाजीला भाजीचं. तेही जमत नसेल तर याद्या करताना शंभर पानं कमी लिहा आणि त्या पैशांचे तांदूळ, तूरडाळ, तेल द्या. कोरडा शिधा रात्री साडेबारालाही नासत नाही. आणि नासलेलं असेल तर स्वतः उचला, स्वतः टाका, कॅटररचं पातेलंही स्वतः घासा. चेहऱ्यांचे फोटो मिळणार नाहीत. पुन्हा मागूही नका.