मीठ उड्डाणाचे तास मोजत नाही
नौदलाने कॅलेंडरप्रमाणे होणाऱ्या तपासण्या बंद करून फक्त उड्डाणाचे तास आणि सेन्सरचे आकडे बघून विमानांची देखभाल करावी, असं तुमच्याकडे छापून आलेल्या लेखात म्हटलंय. इंजिनापुरतं हे पटतं, विमानाच्या सांगाड्याच्या बाबतीत अजिबात नाही. मी पश्चिम किनाऱ्यावर हेलिकॉप्टरच्या देखभालीत बारा वर्षं काढली. समुद्रावरून आलं की मीठ काढायला गोड्या पाण्याने धुवायचं, इंजिनाचा कॉम्प्रेसर (हवा दाबणारा भाग) सुद्धा, हा रोजचा नेम. एकदा महिनाभर नुसतं उभं असलेलं हेलिकॉप्टर उघडलं. उड्डाण शून्य तास. शेपटीकडचं पॅनेल काढलं तर रिव्हेटांभोवती पांढरी भुकटी, म्हणजे खाऱ्या हवेने धातू गंजलेला, रंगाला फोड आलेले. नख लावलं तर पापुद्राच हातात आला. हे कुठला सेन्सर सांगणार होता?

आणि सुट्या भागांबद्दल लेखात एक ओळ नाही! २०१६ च्या कॅग अहवालात नौदलाच्या मिग-२९के लढाऊ विमानांची उड्डाणसज्जता १५.९३ ते ३७.६३ टक्के दिली होती. धोरण कोणतंही ठरवा, भाग बदलायची वेळ आली की तो भांडारात हवा. नाहीतर एका विमानाचा काढून दुसऱ्याला लावावा लागतो. काम दुप्पट होतं आणि काढता-घालताना धडधाकट भागही दुखावतो.