भाजीचे पैसे वेगळे द्या

टोमॅटो महागला की आमच्या घरच्या ग्रुपवर भांडण ठरलेलं. चुलतभाऊ निफाडकडे टोमॅटो-कांदा करतो, आत्या डोंबिवलीला राहते. जुलै 2023 मध्ये टोमॅटोने शंभरी ओलांडली तेव्हा आत्याचा जीव वरखाली. केंद्र सरकारने उत्तरेकडच्या शहरांत तो आधी 90, मग 80, मग 70 रुपयांनी विकायला काढला, तेव्हा भावाचा संताप. दोन महिन्यांत भाव असा कोसळला की माल रस्त्यावर ओतायची पाळी आली. डिसेंबरात कांद्याची निर्यातच बंद केली. मी इथे अमेरिकेत डेट्रॉइटजवळ बसून हे सगळं वाचत होतो. दोघांचंही म्हणणं खरंच होतं, म्हणून गप्प राहिलो.

पण ज्यांच्या नावाने भाव पाडला जातो, ती माणसं त्या ग्रुपवर नाहीत. आत्याकडे धुणंभांडी करणारी बाई, नाक्यावर उभा राहणारा बिगारी. मेथीची जुडी दहाला असो की तीसला, महिनाअखेरीला ती त्यांच्या पिशवीत नसतेच. बटाटा, कांदा, हिरवी मिरची, झालं. रेशनवर माणशी 5 किलो धान्य मिळतं, जानेवारी 2023 पासून तेही फुकट. त्याला नावं ठेवणारे पोटभर जेवलेले असतात, एवढंच म्हणेन. पण भात आणि चपातीने पोट भरतं, बाकीचं राहूनच जातं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (2019-21) महाराष्ट्रातल्या 54 टक्के बायका आणि पाच वर्षांखालची जवळजवळ 69 टक्के पोरं रक्तक्षयाची निघाली. आधीच्या फेरीत हेच आकडे 48 आणि 54 होते. रक्तक्षयाला कारणं पुष्कळ असतात, सगळं खापर भाजीवर फोडता येणार नाही. पण ताटाकडे बघायचंच नाही, असंही चालणार नाही.

इथला एक प्रकार म्हणूनच सांगावासा वाटतो. अमेरिकेत गरिबांना अन्नासाठी सरकारी मदत मिळते, तिचं नाव स्नॅप. सुमारे 4 कोटी लोक त्यावर आहेत, माणशी दिवसाला साधारण 6 डॉलर. डेट्रॉइट ज्या राज्यात आहे त्या मिशिगनमध्ये हे पैसे ब्रिज कार्डवर येतात. 2009 मध्ये डेट्रॉइटच्या शेतकरी बाजारांत ‘डबल अप’ नावाची योजना निघाली. कार्डाचा एक डॉलर खर्च केलात, की फळं-भाज्यांसाठी आणखी एक डॉलर वरून. ईस्टर्न मार्केट हा आमच्याकडचा 1891 पासूनचा मोठा बाजार. शनिवारी तिथे या योजनेच्या टेबलाशी रांग असते. कार्ड ओढायचं, टोकनं घ्यायची, गाळ्यावर जायचं. एकदा माझ्यापुढच्या आजीबाई टोकनं तळहातावर मोजून केल या पालेभाजीची तिसरी जुडी घ्यावी की पीच घ्यावेत, याचा विचार करत होत्या. शेवटी पीच घेतले, नातवासाठी. मालवाल्याला पूर्ण भाव मिळाला. त्याच्याकडून कुणी सवलत मागितली नाही, हा सगळ्यात मोलाचा भाग.

ही कल्पना ज्यांच्या नावाने पुढे कायद्यात गेली, ते गस शूमाकर शेतकरी घरातलेच. 1980 मध्ये बॉस्टनच्या बाजारात गाडी आवरताना त्यांची पेअरची पेटी फुटली, आणि गटारात पडलेली फळं एक बाई मुलांसाठी वेचताना त्यांना दिसली. पुढे ते मॅसॅच्युसेट्सचे कृषी आयुक्त झाले आणि गरोदर बायका व लहान मुलांच्या आयांसाठी शेतकरी बाजाराची कुपनं सुरू केली. ते 2017 मध्ये गेले. पुढच्याच वर्षीच्या शेती कायद्यात या भाजी-मदतीला त्यांचं नाव मिळालं.

फरक पडतो का? मॅसॅच्युसेट्समध्येच हॅम्पडेन काउंटीत 2011-12 साली साडेसात हजार कुटुंबांवर प्रयोग झाला. भाजी-फळांवरच्या प्रत्येक डॉलरमागे 30 सेंट परत. त्या लोकांनी इतरांपेक्षा 26 टक्के जास्त फळं-भाज्या खाल्ल्या. ऐकायला भारी वाटतं, प्रत्यक्षात दिवसाला पाव कप. मी त्याला कमी म्हणणार नाही. उलट गरीब वस्तीत मोठं सुपरमार्केट उघडलं तर ताटात फारसं काही बदलत नाही, असं इथल्याच अर्थतज्ज्ञांनी मोठ्या अभ्यासातून दाखवलं आहे. तरी आपल्याकडचे पुढारी परदेश दौऱ्यावरून येताना डोक्यात मॉलच घेऊन येतात.

आपल्याला तर दुकान दूर असण्याची अडचणच नाही. डेट्रॉइटमध्ये गाडी नसलेल्या माणसाला ताज्या भाजीसाठी दोन बस बदलाव्या लागतात. डोंबिवलीत हातगाडी दाराशी येते, पाव किलो मागितलं तरी कुणी तोंड वाकडं करत नाही, संध्याकाळी उरलेल्याचे वाटे लागतात, ओळखीच्या गिऱ्हाइकाला उधारीही मिळते. हे इथे कुठून आणणार? कमी आहे ती फक्त हातातल्या पैशाची. आणि आपण काय करतो, तर फेरीवाल्याला हुसकावतो आणि शेतकऱ्याचा भाव पाडतो.

त्यापेक्षा रेशनकार्डावर भाजीची वेगळी रक्कम द्यावी, फक्त भाजी-फळांवर खर्च होईल अशी. इथल्यासारखं टेबल नि टोकनं नकोत, हातगाडीवर क्यूआर कोड आलेलाच आहे. ठरावीक कामासाठीच वापरता येणारं ई-रुपी व्हाउचर 2021 पासून आपल्याकडे आहे. गाडीवाल्याची नोंदणी करायची, बाईने मोबाइल दाखवायचा.

‘लाडकी बहीण’चे 1500 येतातच की, असं भाऊ म्हणाला. येतात, आणि गॅस, शाळेची फी, घरभाडं यात जातात. तेही बरोबरच आहे. त्या पैशाचा हिशेब बायकांकडे मागू नये. भाजीची रक्कम वेगळी म्हणायचं ते एवढ्यासाठीच. बाजारात तेवढी मागणी पक्की राहील आणि भाव चढले म्हणून निर्यात बंद करायची घाई सरकारला होणार नाही.

अडचणी आहेत. साध्या फोनवाल्या बाईचं काय, भाव दुप्पट झाल्यावर तीच रक्कम कशी पुरायची, गाडीवाला भाजीच्या नावाखाली बिस्किटं देईल का. इथेही ऑक्टोबर 2025 पासून सरकारी कामकाज ठप्प झालं आणि नोव्हेंबरमध्ये स्नॅपचे पैसे अडकले, तेव्हा अन्नछत्रांपुढे गाड्यांच्या रांगा लागल्या. मदत एका धाग्यावर लटकते ती अशी. म्हणून सगळ्या राज्यात एकदम नको. एका महापालिकेत, अंगणवाडीत नाव असलेल्या गरोदर बायकांपासून सुरुवात करावी, तीही पावसाळ्यात, पालेभाजी महाग असते तेव्हा. रक्कम त्या दिवसांत पुरली, तर थंडीत पुरेलच.